उजेड आत, ऊन बाहेर

मार्च लागला की छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. त्यांची ठरलेली जागा म्हणजे खिडकी. एक झडप सरकवून कूलरचे तोंड आत घेतले जाते, उरलेल्या फटी थर्माकोल नाहीतर प्लायवूडने बुजवल्या जातात, दुसऱ्या खिडकीवर जाड पडदा ओढला जातो आणि सकाळी अकरा वाजता हॉलमधली ट्यूब लावावी लागते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत बहुतेक दिवस आकाश स्वच्छ असणाऱ्या शहरात भर दिवसा दिवे जळतात, याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या गावात खिडकी उघडी ठेवणे म्हणजे घर तापवणे, असा साधा हिशेब असतो. तो अर्धाच बरोबर आहे. उजेड आणि उष्णता एकाच खिडकीतून येतात हे खरे, पण त्या सोबतच आल्या पाहिजेत असे नाही. कोणती खिडकी कोणत्या दिशेला आहे, किती उंच आहे, तिच्यावर छज्जा किती पुढे आला आहे आणि आतल्या भिंतींना कोणता रंग आहे, यावर त्यांची फारकत करता येते. या शहराच्या अक्षांशावर तर ती बऱ्यापैकी सोपी आहे. आपण सगळ्या खिडक्यांना एकच नियम लावतो आणि सगळ्याच बंद करतो, घोटाळा तिथे होतो.

आधी घराला उजेड किती लागतो ते पाहू. उजेड मोजण्याचे एकक लक्स. स्वच्छ दिवशी भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, पावसाळी ढगाळ दिवशी साधारण १० हजार. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने घरातल्या उजेडाचा हिशेब करताना बाहेर फक्त ८ हजार लक्स आहे असे धरले आहे, म्हणजे थेट ऊन वगळून केवळ आकाशाचा उजेड. त्यातला किती हिस्सा आत पोचावा तेही तिथे सांगितले आहे. स्वयंपाकघरात अडीच टक्के, म्हणजे २०० लक्स. अभ्यासाच्या खोलीत सुमारे १५० लक्स. बैठकीच्या खोलीत ५० लक्स. बाहेरच्या उजेडाचा चाळिसावा भाग आत आला तरी भाजी चिरायला, तांदूळ निवडायला पुरतो. थेट उन्हाची त्यासाठी गरजच पडत नाही. एक चौरस मीटर जागेवर सरळ पडणारे दुपारचे ऊन जवळपास हजार वॅट उष्णता घेऊन येते, म्हणजे खोलीत हजार वॅटची शेगडी लावल्यासारखेच झाले. निळ्या किंवा ढगाळ आकाशाकडून येणारा पसरट उजेड मात्र तेवढ्याच प्रकाशासोबत कमी उष्णता आणतो आणि डोळ्यांवर तिरीपही टाकत नाही. तेव्हा उष्ण गावातल्या घराचे सूत्र असे मांडता येईल: खिडकीतून आकाश दिसावे, पण मार्च ते सप्टेंबर सूर्य दिसू नये.

हे साधायचे तर सूर्य कुठून कसा जातो ते माहीत हवे. संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २० अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा इथे बरोबर डोक्यावर येतो, २० मे आणि २३ जुलैच्या आसपास. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. उलट २१ डिसेंबरला तो दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि भर माध्यान्हीही क्षितिजापासून ४७ अंशांपेक्षा वर चढत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या २२ तारखेच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना, तो दुपारी ७० अंशांवर असतो. घराला याचा अर्थ असा, की उन्हाळ्यातले भर माध्यान्हीचे ऊन भिंतींवर पडतच नाही म्हटले तरी चालेल, ते पडते गच्चीवर. वरच्या मजल्याची खोली मेमध्ये तापते ती मुख्यतः स्लॅबमुळे. आपण मात्र शिक्षा खिडकीला देतो.

दिशांपैकी सर्वांत बदनाम दक्षिण, आणि खरे तर सर्वांत सोपीही तीच. ४ फूट उंचीची दक्षिणेची खिडकी घ्या आणि तिच्या माथ्यालगत दीड फूट पुढे आलेला साधा काँक्रीटचा छज्जा कल्पा. मार्चच्या २२ तारखेला सूर्य ७० अंशांवर असतो तेव्हा या छज्ज्याची सावली ४ फुटांहून थोडी जास्त खाली येते, म्हणजे खिडकी पूर्ण सावलीत जाते. समदिनाची गंमत अशी, की दक्षिणेच्या भिंतीवर सावलीची ही खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढीच राहते. पुढे एप्रिल-मेमध्ये सूर्य आणखी उत्तरेकडे सरकतो आणि ही खिडकी सप्टेंबरपर्यंत उन्हाच्या तावडीतून सुटते. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जास्त लांब ठेवला तर कडेने घुसणारे ऊनही अडते. आता डिसेंबर पाहा. तेव्हा त्याच छज्ज्याची दुपारची सावली फक्त पावणेदोन फुटांच्या आत संपते, खालच्या सव्वादोन-अडीच फुटांतून ऊन आत येते आणि जमिनीवर पाच फुटांपर्यंत पोचते. थंडीत हवे तेव्हा ऊन, उन्हाळ्यात नको तेव्हा सावली, आणि बारा महिने आकाशाचा उजेड. हे सगळे दीड फूट काँक्रीट करते, एकही यंत्र न लावता. पश्चिमेला हीच युक्ती फसते. मेमध्ये दुपारी पावणेपाचच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर उतरलेला असतो आणि दीड फुटाचा छज्जा खिडकीचे जेमतेम दहा इंच झाकतो, बाकी सगळी काच उन्हात. तोपर्यंत बाहेरची हवाही दिवसभर तापलेली असते, म्हणून पश्चिमेचे ऊन सर्वांत जास्त छळते. तिथे आडवा छज्जा सोडून उभी आडोशाची भिंत, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा कडुनिंबासारखे झाड लागते. आणि हा आडोसा काचेच्या बाहेर हवा. आतल्या पडद्यापर्यंत आलेले ऊन काच ओलांडून आलेले असते. ती उष्णता पडद्यावर तापून खोलीतच राहते.

इथे वास्तुशास्त्राचा मुद्दा येतो, कारण शहरातल्या कितीतरी घरांत दक्षिणेची खिडकी केवळ त्या धाकाने बांधलीच जात नाही किंवा नंतर विटांनी बुजवली जाते. वास्तू मानावी की न मानावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ईशान्य मोकळी ठेवा, नैर्ऋत्येला जड बांधकाम ठेवा या सांगण्यातला व्यवहाराचा भाग सूर्याच्या गणिताशी जुळतो. ईशान्येकडून सकाळचा कोवळा उजेड येतो, नैर्ऋत्येकडून दुपारनंतरचे तिखट ऊन. थेट दक्षिणेबद्दलचा धाक मात्र या गणितात बसत नाही. दक्षिण बंद करून पश्चिमेला मोठी सरकती काच बसवणारे घर दोन्हीकडून तोटा करून घेते: हिवाळ्यातले हवेसे ऊन जाते आणि उन्हाळ्यातले नकोसे येते. उत्तरेबद्दलही एक भ्रम आहे. उत्तरेला ऊन येतच नाही हे युरोपाच्या पुस्तकांतले वाक्य आपल्याकडे अर्धेच लागू पडते. जून महिन्यात इथे सूर्य पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि तसाच मावळतो, म्हणून मे ते जुलै उत्तरेच्या खिडकीवर सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन येते. खिडकीच्या कडेला फूटभर उभी पट्टी असली की तेही आवरते. तरीही दिवसभर स्थिर, सावली न हलणारा उजेड हवा असेल तर उत्तर हीच पहिली निवड. मुंबईच्या कापड गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे उत्तरेकडे उघडत ती याचसाठी.

या प्रदेशाला ही फारकत नवीन नाही. गुलमंडी, औरंगपुरा किंवा पैठणच्या जुन्या वाड्यांत मधला चौक हा उजेडाचा हौद होता. चौकाभोवतीची ओसरी पाच-सहा फूट खोल, त्यामागे माजघर. ऊन चौकात पडायचे, तिथल्या फरशीवरून उसळलेला उजेड ओसरीच्या छताला लागून आत जायचा, आणि खोल्यांना सूर्य दिसत नसे. रस्त्याकडची भिंत जवळजवळ कोरी असे, त्यामुळे धूळ आणि नजर दोन्ही बाहेर राहत. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात तर भिंतीला खिडकी क्वचितच असे. तिथे छतातच एक लहान भोक ठेवत, त्याला साणे म्हणत. धूर वर जाई आणि उजेड खाली येई. छतातले भोक दिसते छोटे, पण त्याच आकाराच्या भिंतीतल्या भोकापेक्षा त्याला कितीतरी जास्त आकाश दिसते. शिवाय पूर्ण ढगाळ आकाश क्षितिजापेक्षा माथ्यावर सुमारे तिप्पट उजळ असते, म्हणून पावसाळ्यातही त्याचा उपयोग. ते लहान का ठेवत तेही कळते: मेमध्ये सूर्य नेमका वरच असतो. आज गच्चीवर चार बाय चारची काच बसवून घेणाऱ्यांना नेमका याचाच विसर पडतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या काचेवर जुने पोते किंवा हिरवी जाळी पडते.

शहराच्या आसपास याचे मोठे नमुनेही आहेत. बीबी का मकबरा सतराव्या शतकातला. त्याच्या दगडी आणि संगमरवरी जाळ्या उन्हाचे बारीक तुकडे करतात, जाळीच्या जाडीत बरेचसे ऊन अडते आणि आत येतो तो उसळून मऊ झालेला उजेड; आतल्या पांढऱ्या पृष्ठभागांनी तो आणखी पसरतो. वेरूळची १० क्रमांकाची लेणी, जिला सुताराची झोपडी म्हणतात, हा चैत्य सुमारे ८० फूट खोल आहे. त्याच्या दर्शनी भागात वरच्या सज्ज्यावर चैत्यगवाक्ष आहे आणि त्या उंचीवरून आलेला प्रकाश पार टोकाच्या स्तूपापुढील बुद्धमूर्तीपर्यंत जातो. यातून घराला लागू पडणारा नियम निघतो. उजेड किती खोल जाणार हे खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या माथ्याच्या उंचीवर ठरते. साधारणपणे माथा जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. माथा ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट, ९ फुटांवर नेला तर २० फुटांच्या पुढे. आपल्या आजच्या घरांत छत १० फुटांवर आणि खिडकी मात्र ७ फुटांना संपलेली. वरचे ३ फूट, जिथून सर्वांत खोल उजेड येऊ शकला असता, ती कोरी भिंत. जुन्या घरांत तिथे दारा-खिडक्यांवर झरोके असत. ते गेले आणि खोलीचा मागचा अर्धा भाग काळोखात गेला. दौलताबाद किल्ल्यातली अंधारी शत्रूला वाट सापडू नये म्हणून केलेली होती. आपण मात्र स्वतःच्या घरात अंधारी करतो, तेही पैसे मोजून.

कारण आजचे सामान्य घर वाड्यासारखे नाही आणि माळवदाचेही नाही. सिडकोने १९७० च्या दशकापासून इथे नवे शहर वसवले, पुढे गारखेडा, सातारा परिसर, बीड बायपास, वाळूजकडे वस्ती पसरली, आणि या विस्तारात रो-हाऊस हा घराचा ठरलेला साचा झाला. २० बाय ३० चा प्लॉट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून, उजेड फक्त समोरून आणि मागून. म्हणजे घराचा मधला पट्टा, जिथे जिना, न्हाणीघर, देवघर किंवा एखादी झोपायची खोली येते, तो आधीच दोन्ही खिडक्यांपासून दूर. तरी मूळ आराखड्यात मागे मोकळी जागा सोडलेली असते आणि स्वयंपाकघराची खिडकी तिथे उघडते. पुढे कुटुंब वाढते. मागच्या जागेवर पत्रा पडतो, तिथे धुण्याचा दगड, वॉशिंग मशीन, गॅसची टाकी येते, कुणी ती जागा बांधूनच काढतो. स्वयंपाकघराच्या खिडकीला आता आकाश दिसत नाही, दिसतो पत्रा. समोर पार्किंगवर शेड, तिच्यावर रंगीत फायबरचा पत्रा. अशा रीतीने संहितेने जिथे सर्वांत जास्त उजेड सांगितला, ते स्वयंपाकघर घरातले सर्वांत काळोखे होते. आणि ५० लक्सवर भागणाऱ्या हॉलला सर्वांत मोठी खिडकी मिळते, तीही पडद्याआड. घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास डोळ्यांचे काम कुठे होते आणि ते कोण करते, हे ध्यानात घेतले तर हा उलटा न्याय केवळ वास्तुरचनेचा राहत नाही.

बांधून झालेल्या घरात आता काय करणार, हा पहिला रास्त आक्षेप. भिंती हलत नाहीत, पण पुष्कळ काही हलते. मागच्या शेडमधला ओट्यासमोरचा एकच पत्रा काढून तिथे दुधी रंगाचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकला तर खिडकीला पुन्हा उजळ पृष्ठभाग दिसू लागतो. स्वच्छ पारदर्शक पत्रा नको, त्यातून ऊन जसेच्या तसे येते. एप्रिल-मेपुरती त्यावर चटई टाकावी. जिना हा रो-हाऊसचा दडलेला चौक आहे. तो गच्चीपर्यंत जातो, आणि जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीला उत्तर बाजूने उभी खिडकी ठेवली, जिन्याच्या कठड्याची भिंत काढून सळयांचा कठडा केला आणि आतील बाजू पांढरी रंगवली, तर मधल्या पट्ट्यात खालपर्यंत उजेड उतरतो. उभी काच असल्याने मेचा डोक्यावरचा सूर्य तिच्यातून आत येत नाही आणि पावसाची गळतीही टळते. आतल्या खोल्यांच्या दारांवर काचेचा झरोका बसवणे हे सुताराचे एका दिवसाचे काम. कूलरसाठी खिडकी न अडवता भिंतीत वेगळी चौकट ठेवता येते किंवा बाहेर स्टँडवर ठेवून त्याचे तोंड खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून घेता येते, म्हणजे वरचा भाग मोकळा राहतो. उजेड वरच्या भागातूनच खोल जातो, हे इथे कामी येते.

यापेक्षाही स्वस्त काम रंगाचे. खिडकीतून आलेला उजेड खोलीच्या मागच्या टोकाला सरळ पोचत नाही. तो छतावरून, भिंतींवरून उसळत जातो. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत टाकते, मध्यम गडद रंगाची भिंत निम्मा. तीन वेळा उसळल्यावर पहिल्या खोलीत निम्मा उजेड शिल्लक असतो, दुसऱ्या खोलीत आठवा हिस्सा. खिडकी तीच, काच तीच, फरक चौपट. त्यातही छताचा वाटा मोठा, म्हणून भिंतीला हौसेचा रंग द्यायचाच असेल तर खिडकीच्या बाजूच्या भिंतीला द्यावा. छत आणि समोरची भिंत पांढरी ठेवावी. चकचकीत रंग टाळावा, त्यात तिरीप डोळ्यांत येते. बाहेरच्या कंपाऊंडची आतली बाजू पांढरी असेल तर तळमजल्याला अर्धे आकाश तीच पुरवते. काच काळी किंवा आरशासारखी करणारी फिल्म ऊन अडवते, पण ती हिवाळ्यात, पावसाळ्यात आणि सावलीतल्या खिडकीवरही उजेड खातच राहते. छज्जा मात्र ऋतू पाहून वागतो. पडद्याची दांडी चौकटीपेक्षा दोन्हीकडे फूटभर लांब असावी, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न लोंबता भिंतीवर राहतो. कपाटाची पाठ खिडकीला लावू नये. आणि काच पुसावी; या शहराच्या धुळीत महिना-दोन महिने न पुसलेली काच आणि डासांची मळलेली जाळी मिळून उजेडाचा चांगलाच हिस्सा गिळतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एलईडीच्या जमान्यात हा खटाटोप कशाला? हिशेब खरेच त्या बाजूचा आहे. ९ वॅटचे तीन दिवे दिवसा आठ तास जळाले तर महिन्याला साडेसहा युनिट होतात. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी खर्च पन्नास-साठ रुपयांचा. नैसर्गिक उजेडाने वीजबिल कमी होते असे सांगणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. बिलाचा मोठा भाग पंखा, कूलर, एसी आणि गिझरचा असतो, आणि चुकीच्या दिशेची मोठी काच तिथे वाचवण्याऐवजी खर्च वाढवते. म्हणून उजेडाची बाजू पैशांवर उभी करण्यात अर्थ नाही. ती उभी राहते शरीरावर. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. त्या मेंदूला दिवस की रात्र हे कळवतात आणि झोप, भूक, संप्रेरके यांचे घड्याळ लावतात. या जैविक घड्याळाची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. दिव्याच्या खोलीत डोळ्यांना शे-दोनशे लक्स मिळतात. सकाळच्या उघड्या खिडकीजवळ हजारांवर. घड्याळ लावायला हा फरक मोठा ठरतो. म्हातारपणी तो अधिक जाणवतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याची बाहुली आकसलेली आणि भिंग पिवळसर झालेले असते, त्यामुळे त्याच खोलीत विशीच्या माणसाच्या तुलनेत त्याच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो. घरातल्या आजींना सुईत दोरा ओवायला दिवा पुरत नाही, याचे कारण हेच. आणि उजेडाची वाट बहुतेक वेळा हवेचीही वाट असते. ती बंद झाली की पावसाळ्यात भिंतीला ओल आणि कपाटाला बुरशी धरते.

मात्र या बाजूनेही जास्तीचे दावे टाळलेले बरे. खिडकीतल्या उन्हात बसल्याने ड जीवनसत्त्व मिळते हा समज चुकीचा आहे. ते तयार करणारे अतिनील किरण साधी काचही जवळजवळ पूर्ण अडवते. त्यासाठी अंगणात किंवा गच्चीवरच जावे लागते. खिडक्या मोठ्या केल्या की घर उजळते, हाही तसाच समज. संहितेच्या हिशेबाने कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक-दशांश पुरते, दमट प्रदेशात हवेसाठी एक-षष्ठांश लागते. १० बाय १२ च्या खोलीला १२ चौरस फूट, म्हणजे ३ बाय ४ ची एकच खिडकी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या फ्लॅटची जमिनीपासून छतापर्यंतची काच संभाजीनगरात उचलून आणणे ही हौस महागात पडते. धूळ, शेजाऱ्यांची नजर आणि चोरी या तिन्ही तक्रारींना तर उत्तर एकच आहे, आणि ते या शहराच्या जुन्या कोऱ्या भिंतींनी आधीच दिलेले आहे: खिडकी वर न्या. डोळ्यांच्या उंचीवरची खालची झडप दुधी काचेची, वरची स्वच्छ. रस्त्याकडे लहान आणि उंच, मागे आणि जिन्यावर मोकळी. भाड्याच्या घरात एवढेही शक्य नसेल तर पांढरे छत, पुसलेली काच आणि योग्य जागी लावलेला पडदा एवढ्याने सुरुवात होते.

नवे घर बांधणाऱ्यांचे काम याहून सोपे आहे, कारण उजेडाचे निर्णय नकाशावर फुकट होतात आणि बांधून झाल्यावर महाग पडतात. आर्किटेक्टला किंवा गवंड्याला तीन प्रश्न विचारावेत: दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा किती, पश्चिमेच्या खिडकीपुढे आडोसा कोणता, आणि ओट्यापाशी उभे राहिल्यावर आकाश दिसते का. तिसऱ्याचे उत्तर नाही असेल तर नकाशा परत पाठवावा. जे जुन्याच घरात राहतात त्यांनीही एका दुपारी सगळे दिवे बंद करून घरातून फिरावे, जिथे जिथे कुणी तासन्‌तास काम करते तिथे उभे राहावे आणि आकाशाचा तुकडा दिसतो का ते पाहावे. तो जिथे दिसत नाही, तिथे वर्षभर दिवा जळणारच. पुढच्या दिवाळीला रंगाचा डबा उघडाल तेव्हा पहिला हात हॉलला नको, स्वयंपाकघराच्या छताला मारा, आणि त्याच आठवड्यात मागचा एक पत्रा बदलून टाका. घरात उजेडावर पहिला हक्क ओट्याचा आहे. तो गेली कित्येक वर्षे आपण सोफ्याला दिला आहे.